मोजणीसाहेब आणि पस्तीसची लेन्स

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मोजणीसाहेबांचं नाव घेतो. आई-वडिलांचं वेगळं, ते उपकारात धरायचं नसतं.

मोजणीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. भूमी अभिलेख खात्यात बत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून ते निवृत्त झाले होते आणि सिडकोतल्या त्यांच्या गल्लीत दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना याच नावानं ओळखत. दारावरच्या पाटीवरसुद्धा नाव नव्हतं. घराचा नंबर होता आणि शेजारी उत्तर दिशा दाखवणारा एक बाण.

मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत दोन वर्षं भाड्यानं राहिलो. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी ना गाव विचारलं, ना जात, ना पगार. म्हणाले, "आधी चालून दाखव."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण ते फाटकाकडं बोट करून उभेच. मी फाटकापासून तुळशीपर्यंत चाललो.

"सव्वादोन फुटाचं पाऊल," ते म्हणाले. "जरा घाई हाय, पण एकसारखं हाय. रहा."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, भाडेकरू ठेवायलेत का बैल घ्यायलेत?"

पुढं कळलं की त्यांचं स्वतःचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं होतं आणि ते कशासाठीही बदलत नसे. त्यांच्याबरोबर शहागंजला भाजी आणायला जाणं म्हणजे एक शिक्षाच. रिक्षा अंगावर आली तरी पाऊल तेवढंच. मनातल्या मनात मोजणी चालू असायची, त्यामुळं वाटेत कुणी नमस्कार केला तर साहेब एक बोट वर करायचे. समोरच्यानं थांबायचं. शंभर पूर्ण झाले की साहेब थांबायचे, मागं वळायचे आणि म्हणायचे, "हां, बोला." शहागंजातले जुने दुकानदार हे ओळखून होते. ते दुकानातून बाहेर येऊन, हात बांधून, साहेबांचे शंभर भरायची वाट बघत उभे राहायचे.

घरात डावं-उजवं हे शब्द बंद होते. रविवारी काकू मला जेवायला बोलवायच्या. पहिल्याच रविवारी साहेब म्हणाले, "ती चटणी जरा पूर्वेला सरकव." मी वाटी हातात धरून गोंधळलेला.

"डावं-उजवं माणसाच्या तोंडावर हाय," साहेब म्हणाले. "त्यानं तोंड फिरवलं की ते फिरतं. पूर्व कुठं जात नाय."

काकू भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "आमच्याकडं मीठ सांडलं तर कोणत्या गट नंबरात सांडलं ते लिहून ठेवावं लागतं, बाबा. मला बघायला आले होते ना हे, तर पोरगी बघितलीच नाय. ओसरी मोजून गेले."

"ओसरी तुझ्या बापानं सांगितली त्याच्यापेक्षा दीड फूट कमी भरली," साहेब शांतपणे म्हणाले.

"आन् पोरगी?"

"पोरगी बरोबर भरली."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. चाळीस वर्षांनंतरही त्या हसत होत्या, हे मला फार आवडलं. आमच्या घरात एवढं बोलणं नव्हतं.

आमचं गाव गंगापूर तालुक्यात. जीपनं तासाभराचा रस्ता. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्याच्यानंतर करायचं काय, हे सांगणारं कुणी नव्हतं, कारण तिथवर कुणी गेलंच नव्हतं. मला फोटो काढता यायचे. कॉलेजातल्या सरांनी एका संस्थेत पाठवलं. ही संस्था मराठवाड्यातल्या जुन्या घरगुती कारागिरीची नोंद ठेवते. तिथल्या मॅडमनी मला सहा महिने बघते म्हणून ठेवून घेतलं. सहा महिन्यांनी विणकरांच्या घरांवरचं प्रदर्शन होतं. त्यातले फोटो चांगले उतरले तर नोकरी कायम. नाही उतरले तर मामानं साखर कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता, उसाच्या गाड्या वजन करायच्या काट्यावर. आईचा फोन दर आठवड्याला यायचा आणि शेवटी एकच वाक्य असायचं, "मामा विचारायलाय, जागा कुठवर धरून ठेवू म्हणून."

संस्थेनं मला एक नवा मिररलेस कॅमेरा दिला होता. त्याच्याबरोबर आलेली झूम लेन्स उजेडात चांगली चालायची, पण विणकरांच्या खोल्यांत एकच बल्ब. तिथं फोटो हलायचे, आणि फ्लॅश मारायचा नाही असा मॅडमचा नियम. मॅडम म्हणाल्या, "एक प्राइम लेन्स घेऊ या. झूम न होणारी, पण अंधारात बघणारी. एकच मिळेल. कोणती, ते तू ठरव."

मी आठ दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघितले. जो तो सांगत होता, पन्नास घ्या. पन्नास मिलिमीटर म्हणजे फिफ्टी, म्हणजे स्टँडर्ड. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना हे साहेबांना सांगितलं.

"पन्नासची लेन्स माणसाच्या डोळ्यासारखी बघते म्हणतात."

"कोणच्या माणसाच्या?"

"म्हणजे... सगळ्यांच्याच."

"आन् तो माणूस उभा कुठं हाय?"

याचं उत्तर कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. साहेबांनी मला खाली नेलं, कागद काढला, कोपऱ्यात उत्तरेचा बाण मारला आणि म्हणाले, "आता सांग. आतली ती फोटो पडायची पट्टी केवढी?"

मी सांगितलं, सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद. जुन्या फिल्मची यापेक्षा मोठी असायची, छत्तीसची.

त्यांनी दोन त्रिकोण काढले, डोक्याला डोकं लावलेले. एक कॅमेऱ्याच्या आतला, एक बाहेरचा. पेन्सिल चालत राहिली. जमीन मोजायची विद्याच ती. फक्त शेताच्या जागी नखाएवढी पट्टी आली होती. "नऊ फुटावर उभा राहिलास तर पन्नासमधून सव्वाचार फूट रुंदी दिसती. पस्तीसमधून सहा फूट. ते पन्नासवाले सांगतात ते मोठ्या पट्टीचं. तुझ्या पट्टीला पस्तीस म्हणजे त्यांचं पन्नास." मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "पण कागदावर ठरवायचं नाय. रानात जाऊन ठरवायचं."

त्यांनी मला त्यांचं एक कोरं फील्डबुक दिलं. लांबट, अरुंद वही. ती खालून वर लिहायची. मी सवयीनं वरून सुरुवात केली तर त्यांनी वही काढून घेतली. "माप घेताना आपण पुढं चालतो ना? मग कागदावरबी पुढंच चालायचं. खालून वर." त्यांनी माझ्या झूम लेन्सचं कडं चिकटपट्टीनं पस्तीसवर पक्कं केलं. आठ दिवस पस्तीस, मग आठ दिवस पन्नास. दरवेळी मन म्हणेल तिथं उभं राहायचं, कॅमेऱ्यातून बघायचं, आणि मग किती पावलं मागं किंवा पुढं जावं लागलं ते लिहायचं.

ते फील्डबुक माझ्याकडं अजून आहे. 'इस्त्रीवाला, पस्तीस, जागेवर.' 'काकू भाकरी करताना, पस्तीस, एक पुढे.' 'काकू भाकरी करताना, पन्नास, चार मागे, पाठ फ्रिजला.' 'चहाची टपरी, पन्नास, पाच मागे, खाली नाली.' सोळा दिवसांत सहा पानं भरली आणि पानं एकच गोष्ट सांगत होती.

तरी मी पन्नासच मागवली.

का, ते मी साहेबांना तेव्हा सांगितलं नाही. ऑफिसातला एक जण हसून म्हणाला होता, "पस्तीस? ती तर लग्नात स्टेजवरच्या ग्रुपला लावतात." हे एक कारण. पन्नासमध्ये चेहऱ्याच्या मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं आणि फोटो शहरी दिसतो, हे दुसरं. खरं कारण मात्र तिसरंच होतं. मला लांब उभं राहायला आवडायचं. मी अनोळखी घरात शिरलो की माझी जीभ टाळूला चिकटायची. पन्नासमुळं मागं जायला निमित्त मिळत होतं.

शहागंजच्या पलीकडच्या गल्ल्यांत एक वयस्क विणकर राहायचे. हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, विणणारे शहरात आता थोडेच उरलेत, त्यांतले एक. सगळे त्यांना चाचा म्हणत. प्रदर्शनाचा अर्धा भाग त्यांच्यावरच होता. त्यांनी मला आत बोलावलं, चटईवर बसवलं. खोली लांबट, एका टोकाला माग आणि दुसऱ्या भिंतीपर्यंत चटई पसरण्याएवढीच जागा. मी नवी लेन्स डोळ्याला लावली तर चाचांचा एक खांदा आणि अर्धा माग. मागं सरकलो. पाठ भिंतीला लागली. दारात गेलो. उंबऱ्याबाहेर गेलो. पायऱ्या उतरलो. शेवटी गल्ली ओलांडून समोरच्या भिंतीला टेकलो, गुडघ्यावर बसलो, तेव्हा कुठं सगळं बसलं. चाचांचे हात, माग, वरून पडणारा उजेड. मागचं सगळं विरघळलेलं. मी खूश होऊन फोटोमागून फोटो काढत होतो.

जे विरघळलं होतं त्यात आतल्या खोलीचं दार होतं आणि त्या दारात घरातल्या बायका होत्या. ते मला दिसलंच नाही. गल्लीतल्या दोघा-तिघांना मात्र दिसलं की एक परका पोरगा समोरच्या भिंतीशी गुडघ्यावर बसून घरात बघतोय.

आतला पडदा खाली आला. चाचा उठून दारात आले. आवाज चढवला नाही. "बेटा, हम तुमको अंदर बिठाए थे ना? अंदर बुलाए सो आदमी बाहर जाको घर में नै झाँकता."

आणि त्यांनी दार लावलं, अगदी हळू. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. चाचांनी प्रदर्शनाला नाही म्हणून कळवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "त्यांच्याशिवाय हे प्रदर्शन होत नाही. त्यांचा होकार तूच परत आणायचा. नाही आला तर तुझ्या नोकरीचं मला वेगळं सांगायला नको." त्याच दिवशी आईचा फोन आला. मामा विचारत होता.

मी घरी येऊन साहेबांसमोर सगळं ओकलो. पन्नास मागवल्याचंही. मला वाटलं आता फील्डबुक परत मागतील.

"किती पावलं मागं गेलास?" एवढंच विचारलं.

"अकरा."

काकू भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. मग साहेब म्हणाले, "मी बत्तीस वर्षं बाहेरच उभा राहिलो. मोजणीवाल्यानं कुणाच्या घरात पाय ठेवायचा नाय, कुणाचं पाणी प्यायचं नाय. ह्याच्या घरचा चहा पिला की शेजारचा म्हणतो, साहेब फुटला. म्हणून मी पाण्याची बाटलीबी घरूनच न्यायचो. हजारो घरांच्या भिंती मोजल्या, पण आत कोण राहतंय ते बघितलं नाय. एका गावात एक म्हातारी लोटी घेऊन माझ्या मागं मागं बांधावरनं चालत आली होती. ऊन लई होतं. मी नाय म्हणालो. माझं काम तसं होतं. तुझं काम तसं नाय, बाबा."

मग ते उठले, इस्त्रीचा सदरा घातला आणि म्हणाले, "चल."

काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही कुठं?"

"मोजणीला," साहेब म्हणाले.

चाचांच्या दारात साहेब उंबऱ्याबाहेर उभे राहिले. चाचांनी दार उघडलं, मला बघून त्यांचा चेहरा मिटला. साहेब हात जोडून म्हणाले, "मी ह्याचा घरमालक. ह्याला अंतर मोजायला शिकवलं, पण कुठं उभं राहून मोजायचं ते शिकवायचं राहून गेलं. चूक माझी हाय. बोलायचं ते मला बोला."

चाचांनी या पांढऱ्या केसांच्या, ताठ उभ्या माणसाकडं पाहिलं. "आप क्या मोजते?"

"जमीन मोजायचो. साखळीनं."

"साखळी को कितने आने?"

साहेबांच्या भुवया वर गेल्या. हा प्रश्न त्यांना निवृत्तीनंतर कुणी विचारला नव्हता. "सोळा. एका साखळीचे सोळा आणे. तेहतीस फूट."

"हमारे गज को भी सोलाच गिरह," चाचा म्हणाले आणि दारातून बाजूला झाले. "आओ, अंदर आओ."

साहेबांनी उंबरा ओलांडला. मी मागं. पुढचा तासभर ते दोघं मला विसरून गेले. चाचा ताण्याचे धागे मोजून दाखवत होते, साहेब बोटांनी वीत धरून पडताळत होते. एकदा चाचा म्हणाले, "तुम्हारी जमीन तो वैसीच रैती, मेरा कपडा धोने के बाद सिकुडता." साहेब मोठ्यानं हसले. "जमीनबी आकसती हो, भाऊ-भाऊ भांडले की."

मग आतून चहा आला. पडद्यामागून एका हातानं ट्रे पुढं केला, चाचांनी कप साहेबांच्या हातात दिला. साहेब कप धरून तसेच बसले. मी त्यांच्याकडं बघत होतो. कपावरची वाफ विरत गेली. मग त्यांनी तो एका दमात संपवला, औषध प्यावं तसा, आणि रिकामा कप दोन्ही हातांनी परत दिला.

निघताना त्यांनी भिंतीच्या कडेला जमिनीवर बोट टेकवलं. "इथं बस. मागापर्यंत नऊ फूट हाय."

चाचा म्हणाले, "हां, बैठने दो. लेकिन पहले दो दिन वो डब्बा थैली में रखना."

लेन्सच्या दुकानदारानं कुरकुर करत पन्नास परत घेतली आणि पस्तीस दिली. पहिले दोन दिवस मी भिंतीला पाठ लावून नुसता बसलो. तिसऱ्या दिवशी चाचांनीच विचारलं, "डब्बा घर पे भूल को आए क्या?" मी कॅमेरा काढला. पस्तीसमध्ये अख्खा माग आला, चाचा आले, आणि कडेला, पडद्याबाहेर हात काढून धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या त्यांच्या बेगमचे हातही आले. मी पटकन कॅमेरा खाली घेतला. पडद्याआडून त्या म्हणाल्या, "मेरे हाथ भी लेलो रे. आधा काम तो मैंच करती, नाम इनका होता." चाचांच्या मिशा हलल्या.

प्रदर्शनाच्या आधीच साहेब आणि काकू लातूरला मुलीकडं राहायला गेले. काकूंचे गुडघे फार दुखायला लागले होते, जिना चढवत नव्हता. जाताना साहेबांनी घर विकलं आणि घेणाऱ्याला घरातून फाटकापर्यंत चालायला लावलं. मी त्यांना बसमध्ये बसवून आलो. बस निघाली तेव्हा काकूंनी खिडकीतून हात हलवला. साहेब समोर बघत होते, ओठ हलत होते. मला वाटलं, बसमध्ये मोजायला पावलंच नाहीत, तर हे मोजतायत तरी काय.

आता मी दुसऱ्या घरात भाड्यानं राहतो. तिथल्या मालकांनी माझं आधार कार्ड घेतलं, चालायला कुणी सांगितलं नाही. रविवारी एकटा जेवताना कधी कधी उगाच वाटी पूर्वेला सरकवतो.

साहेब मोबाईलवरचा निरोप वाचत नाहीत; खाली सही नाही ते खरं नाही, असं त्यांचं मत. म्हणून प्रदर्शनानंतर मी त्यांना कागदावर पत्र लिहिलं. ते असं :

तीर्थस्वरूप साहेब यांस, साष्टांग नमस्कार.

तुमची आणि काकूंची तब्येत बरी असेल. काकूंनी गुडघ्याचं तेल वेळेवर लावावं, असं मी सांगितलंय म्हणून सांगा.

प्रदर्शन झालं. चाचा घरच्या सगळ्यांना घेऊन आले होते. बेगमनी स्वतःच्या हातांचा फोटो बघून मॅडमना विचारलं, खाली नाव कुणाचं लिहिलंय. मॅडमनी दोघांचं लिहिलं होतं. चाचांनी तुमची आठवण काढली. म्हणाले, वो सोला आने वाले साब को सलाम बोलना.

सकाळीच मॅडमनी मला कायम केल्याचं पत्र दिलं. मी घडी करून खिशात ठेवलं. आई गावाहून पहिल्या जीपनं आली होती. तिला कसं सांगावं ते समजत नव्हतं. माझं इथंच राहायचं ठरलं, हे ऐकून तिला वाईट वाटेल असं वाटत होतं.

ती सगळ्या भिंतींवरून फिरली आणि चाचांच्या मोठ्या फोटोसमोर येऊन थांबली. मला म्हणाली, "हे काढताना तू कुठं व्हतास?"

मी म्हणालो, "खाली. भिंतीला टेकून बसलो होतो."

"त्यांच्या घरात?"

"व्हय."

ती पुन्हा फोटोकडं बघत राहिली. लहानपणी पाहुण्यांकडं गेलो की मी जेवायलासुद्धा आत जायचो नाही, बाहेर ओट्यावर बसून राहायचो. ती आतून ताट आणून द्यायची. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं.

मग तिनं पिशवीतून फोन काढला आणि तिथंच उभ्या उभ्या मामाला लावला. म्हणाली, "काट्यावरची जागा दे दुसऱ्या कुणाला." मामानं विचारलं असणार की इथली नोकरी पक्की झाली का. कारण आई म्हणाली, "ते काय मला ठाव नाय. पण पोरगं आता लोकांच्या घरात बसाया लागलंय."

मॅडमचं पत्र तोवर माझ्या खिशातच होतं, साहेब. मी ते तिला अजून दाखवलं नव्हतं.

आपला नम्र,
(सही)